बॅक्टेरियाच्या बाहेरच्या मेंब्रेनमधली प्रोटीन्स कशी काढायची: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

आधी एक गोष्ट सांगते, बाकीचं मागाहून. जेल (शेवटी प्रोटीन्स आकारानुसार वेगळी करतो ती जेलीची पट्टी) रंगवून धुऊन होईपर्यंत आणि त्यावरचे बँड, म्हणजे प्रोटीनचे पट्टे, स्वतःच्या डोळ्यांनी बघेपर्यंत या कामातलं काहीही सिंकमध्ये ओतायचं नाही. वरचं पाणी असो की तळाचा गोळा असो, प्रत्येक पायरीला थोडंसं वेगळ्या ट्यूबमध्ये काढायचं, त्यावर पायरीचं नाव नि तारीख घालायची आणि फ्रीझरमध्ये टाकायचं.

माझ्या एमएस्सीच्या प्रोजेक्टला मला हे कुणी सांगितलं नव्हतं. बॅक्टेरिया वाढवून सेंट्रीफ्यूज करताना आपण नेहमी वरचं मीडिया (ज्यात ते वाढवतो ते द्रव) ओतून देतो आणि पेलेट, म्हणजे तळाचा गोळा, ठेवतो, हाताला तीच सवय लागलेली असते. पेशी फोडल्यावर जो पहिला स्पिन असतो तिथे मात्र उलटं असतं, तिथे पेलेटमध्ये न फुटलेल्या पेशी असतात आणि आपल्याला हवं ते सगळं वरच्या पाण्यात असतं. मी ते पाणी ओतून दिलं आणि पुढचे दोन दिवस न फुटलेल्या पेशींवरच मन लावून काम करत बसले. जेलवर खालपासून वरपर्यंत नुसते बँडच बँड दिसले तेव्हा काहीतरी चुकलंय हे कळलं, पण कुठे चुकलं ते शोधायला माझ्याकडे मधली एकही ट्यूब नव्हती. ते तीन दिवस तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितेय.

आता आपण नक्की काय काढतोय ते थोडक्यात. ई. कोलायसारख्या ग्रॅम निगेटिव्ह बॅक्टेरियाला दोन मेंब्रेन, म्हणजे पातळ आवरणं, असतात, आतली आणि बाहेरची, आणि दोघींच्या मध्ये पेप्टिडोग्लायकनची पातळ जाळी. बाहेरच्या मेंब्रेनचा वरचा थर एलपीएसचा म्हणजे लायपोपॉलिसॅकराइडचा असतो आणि आतला थर साध्या फॉस्फोलिपिडचा. त्यात जी प्रोटीन्स रुतून बसलेली असतात ती बहुतेक पिंपासारख्या आकाराची, बीटा बॅरल म्हणतात ते. काही पिंपांना आरपार भोक असतं, त्यांना पोरिन म्हणतात, अन्न आत जातं ते तिथूनच आणि बरीच अँटिबायोटिक्सही तिथूनच आत शिरतात. म्हणून तर रेझिस्टन्सवर काम करणारे लोक या प्रोटीन्सच्या मागे असतात, आणि मेनिंगोकोकस बी (मेंदूज्वराचा बॅक्टेरिया) च्या एका लशीतही त्याच्या याच मेंब्रेनचे बारीक फुगे वापरलेत. ई. कोलायमध्ये तुम्हाला मुख्य तीन नावं लागतील, ऑम्प-ए, ऑम्प-एफ आणि ऑम्प-सी, तिन्ही साधारण ३५ ते ३८ किलोडाल्टनच्या (प्रोटीनच्या वजनाचं माप) आसपास. ऑम्प-ए तर एकेका पेशीत लाखभर प्रतींनी असतं, त्यामुळे ते दिसलं नाही तर दोष बॅक्टेरियाचा नाही, आपल्या कामाचा आहे असं समजा.

पद्धती बऱ्याच आहेत. सुक्रोज ग्रेडियंटवर दोन्ही मेंब्रेन वजनाने वेगळ्या करता येतात, कारण बाहेरची जड असते, घनता साधारण १.२२, आणि आतली १.१५ च्या आसपास. ही पद्धत सगळ्यात स्वच्छ पण वेळखाऊ, पहिल्या वर्षाच्या पोरांनी तिच्यापासून सुरुवात करू नये असं माझं मत. दुसरी ट्रायटॉन एक्स-१०० नावाच्या डिटर्जंटची, ती १९७१ ची. आणि तिसरी सार्कोसिलची, १९७३ साली छापून आलेली, हीच मी शिकवते कारण ती सोपी आहे, स्वस्त आहे, आणि आपल्याकडच्या लॅबमध्ये जे असतं त्यात बसते. तत्त्व इतकंच की सार्कोसिल नावाचं डिटर्जंट आतली मेंब्रेन विरघळवतं, बाहेरची मात्र एलपीएसमुळे बरीचशी तशीच राहते आणि स्पिन केल्यावर तळाला बसते.

कुठला बॅक्टेरिया घ्यायचा

पहिल्या वेळी ई. कोलाय के-१२ चा साधा लॅब स्ट्रेन घ्या. गोव्यात निम्म्या लोकांना पहिल्या दिवसापासून मांडवीच्या किंवा खारफुटीच्या चिखलातल्या बॅक्टेरियावर काम करायचं असतं, काहींच्या हातात हॉस्पिटलमधून आलेला आयसोलेट (पेशंटमधून वेगळा काढलेला बॅक्टेरिया) असतो. थांबा. पेशंटकडून आलेल्या स्ट्रेनला वेगळी सेफ्टी लागते, परवानगी लागते, आणि तो सोनिकेट करताना, म्हणजे आवाजाच्या लहरींनी फोडताना, हवेत तुषार उडतात हे विसरू नका, ते काम नवीन माणसाचं नव्हे. आणि समुद्री बॅक्टेरियाचं म्हणाल तर आधी ई. कोलायवर हात बसू दे, कुठला बँड कुठे यायला हवा हे माहीत असलेल्या जीवावर चुका केल्या तर त्या चुका आहेत हे निदान समजतं. समुद्री बॅक्टेरियाबद्दल खाली लिहिलंय.

आदल्या दिवशी

ग्लिसरॉल स्टॉकवरून (गोठवून ठेवलेल्या साठ्यातून) प्लेटवर रेषा मारा, एक सुटी कॉलनी घ्या, १० मिली एलबीमध्ये (ई. कोलायचं नेहमीचं मीडिया) रात्रभर ३७ डिग्रीला शेकरवर ठेवा. सकाळी त्यातले ५ मिली ५०० मिली ताज्या एलबीमध्ये घाला, फ्लास्क २ लिटरचा घ्या, गच्च भरलेल्या फ्लास्कमध्ये हवा मिळत नाही आणि वाढ रडतरखडत होते. ६०० नॅनोमीटरला ओडी (गढूळपणाचं माप) ०.८ ते १ झाला की थांबवायचं, साधारण अडीच-तीन तास लागतात. रात्रभर वाढलेलं कल्चर थेट वापरू नका. त्या पेशी फोडायला चिवट असतात आणि पोरिनचं प्रमाणही बदललेलं असतं.

प्रमाण बदलतं ही गंमत नीट समजून घ्या, कारण इथेच पुढे लोकांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. ऑम्प-एफ चं भोक थोडं मोठं, ऑम्प-सी चं थोडं लहान. बाहेर मीठ किंवा साखर कमी असली की बॅक्टेरिया ऑम्प-एफ जास्त करतो, मीठ वाढलं किंवा तापमान वाढलं की ऑम्प-सी. पावसाळ्यात मांडवीचं पाणी जवळजवळ गोडं होतं आणि एप्रिल-मेमध्ये खारट पाणी पार आत वरपर्यंत चढतं, तसा बदल आपल्या फ्लास्कमध्येही होऊ शकतो, नुसतं मीडिया बदललं तरी होतो. एलबीमध्ये लिटरला मीठ ५ ग्रॅम घालायचं की १० ग्रॅम, दोन्ही रेसिपी बाजारात आहेत, आणि तुम्ही कुठली वापरली ते वहीत लिहिलं नसेल तर सहा महिन्यांनी तुमचाच निकाल तुम्हाला कळणार नाही. तयार पावडर वापरत असाल तर डब्यावरचं प्रमाण वहीत उतरवून घ्या.

आदल्या संध्याकाळीच रोटर (सेंट्रीफ्यूजमधला ट्यूब धरून फिरणारा भाग) फ्रीजमध्ये ठेवा, बफर (पीएच टिकवून धरणारं द्रावण) फ्रीजमध्ये ठेवा. बफर म्हणजे २० मिलिमोलर ट्रिस, पीएच ७.५. ट्रिसचा पीएच तापमानाबरोबर सरकतो, डिग्रीमागे साधारण ०.०२८ ने. २५ डिग्रीला ७.५ केलेलं बफर ४ डिग्रीला ८.१ च्या जवळ जातं, आणि आपल्याकडे मे महिन्यात एसी बंद असलेल्या खोलीत ३३ डिग्रीला पीएच लावला तर आणखी वर. म्हणून एक तर बफर थंड करून पीएच लावा किंवा १० मिलिमोलर हेपेस ७.४ वापरा, ते इतकं सरकत नाही.

बर्फ. लॅबमध्ये आइस मशीन असेल तर तुम्ही सुखी. नसेल तर मासळीवाल्यांना जिथून लादी मिळते तिथूनच आपल्यालाही मिळते, पोत्यात घालून बारीक फोडायची, फक्त तो बर्फ ट्यूबच्या बाहेरच राहिला पाहिजे, आत एक थेंबही जाता कामा नये. त्यात मूठभर जाडं मीठ टाकलं की अजून थंड होतो. सकाळीच भरपूर आणा, दुपारी दोनला बर्फ संपलाय आणि सोनिकेशन अर्धं राहिलंय अशी वेळ आली की सगळी घाई होते.

पेशी गोळा करणं

रिकाम्या ट्यूबचं वजन आधी करून ठेवा. कल्चर ६,००० जी ला १५ मिनिटं, ४ डिग्रीला फिरवा. इथे जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर ते, आरपीएम (मिनिटाला फेरे) नव्हे, हे दर वर्षी सांगावं लागतं. प्रत्येक रोटरची त्रिज्या वेगळी, त्यामुळे एकाच आरपीएमला दोन मशीनवर जोर वेगळा पडतो. हिशोब सोपा आहे: जी बरोबर १.११८, गुणिले १० चा उणे पाचवा घात, गुणिले सेंटीमीटरमधली त्रिज्या, गुणिले आरपीएमचा वर्ग. त्रिज्या १० सेंटीमीटर असेल तर ६,००० जी साठी सुमारे ७,३०० आरपीएम लागतात. हा हिशोब एकदा स्वतः करा, कागदावर लिहा आणि मशीनच्या बाजूला चिकटवा, पुढच्या बॅचलाही उपयोगी पडेल.

मीडिया ओता (हो, हे एक ओतायला हरकत नाही, पण ऑटोक्लेव्ह करून), पेलेट थंड बफरमध्ये एकदा धुवा, परत फिरवा, वजन करा. ५०० मिलीमधून अर्धा ते पाऊण ग्रॅम ओला गोळा मिळाला की ठीक. इथे थांबून पेलेट उणे ८० ला ठेवता येतो, उलट एकदा गोठून वितळल्याने पेशी जरा सैल होतात.

फोडणं

गोळा १० मिली थंड बफरमध्ये नीट मिसळा, एकही गुठळी ठेवू नका. आता पीएमएसएफ घाला, शेवटचं प्रमाण १ मिलिमोलर. पेशी फुटल्या की आतली प्रोटिएज मोकळी होतात आणि आपलं प्रोटीन कातरायला लागतात, त्यांना थोपवण्यासाठी हे. स्टॉक आयसोप्रोपेनॉलमध्ये करायचा, १७.४ मिलिग्रॅम प्रति मिली म्हणजे १०० मिलिमोलर. पाण्यात ते तास-दोन तासांत निकामी व्हायला लागतं म्हणून सकाळीच बफरमध्ये घालून ठेवण्यात अर्थ नाही, सोनिकेटर चालू करायच्या आधी घाला. विषारी आहे, ग्लव्ह्ज आणि मास्क घालूनच वजन करा, यात कुणाचं ऐकू नका.

सोनिकेशन: बीकरमध्ये बर्फ, बर्फात ट्यूब, प्रोब द्रवाच्या मध्यभागी, तळाला किंवा कडेला टेकलेला नाही. १० सेकंद चालू, ३० सेकंद बंद, असं दहा-पंधरा वेळा. कानाला मफ लावा. फेस यायला लागला तर प्रोब वर आलाय असं समजून थांबा, खाली घ्या, कारण फेसात प्रोटीन बिघडतं आणि फेस खाली बसायला फार वेळ खातो. किती वेळा करायचं हे आकड्यावर ठरवू नका, डोळ्यांनी ठरवा. सुरुवातीला ते द्रव भाताच्या दाट पेजेसारखं पांढरट असतं, फुटत गेलं की हळूहळू पेजेवरच्या निवळीसारखं होतं, ट्यूबमागे बोट धरलं तर बोटाची कड अंधुक दिसायला लागते. तिथे थांबा. त्यापुढे चालू ठेवलंत तर मेंब्रेनचे इतके बारीक तुकडे होतात की ते मोठ्या स्पिनलाही धड बसत नाहीत.

पिपेटने उचलताना तार आली, शेंबडासारखं लांबलं, तर तो डीएनए आहे. अजून दोन-तीन वेळा सोनिकेट करा, नाही तर चिमूटभर डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) घालून बर्फावर १५ मिनिटं ठेवा. डीएनेजला थोडं मॅग्नेशियम लागतं, १-२ मिलिमोलर पुरे. जास्त घालू नका, जास्त मॅग्नेशियम असलं की सार्कोसिलला आतली मेंब्रेन नीट विरघळवता येत नाही. याच्या उलट, ट्रायटॉनच्या पद्धतीत मॅग्नेशियम मुद्दाम घालतात, बाहेरची मेंब्रेन घट्ट राहावी म्हणून, आणि लोक दोन प्रोटोकॉल एकत्र करून वाचतात म्हणून हा घोळ होतो.

सोनिकेटर नसेल तर लायसोझाइम (पेशीची भिंत तोडणारं एन्झाइम) नि ईडीटीए वापरून पेशी फोडता येतात, चालतं, पण मग जेलवर १४ किलोडाल्टनला एक ठळक बँड येईल, तो तुमच्या बॅक्टेरियाचा नाही, लायसोझाइमचा आहे. एका ज्युनिअरने तोच नवीन प्रोटीन म्हणून आठवडाभर जपला होता, तिला हे सांगताना मला वाईट वाटलं.

आता ८,००० जी ला १० मिनिटं. वरचं पाणी ठेवायचं. पेलेटसुद्धा ठेवायचा, पण वेगळा, लेबल लावून. पेलेट खूप मोठा दिसला तर पेशी नीट फुटल्याच नाहीत, तो परत बफरमध्ये घेऊन सोनिकेट करता येतो, म्हणून तर ठेवायचा.

मोठं सेंट्रीफ्यूज

इथे १,००,००० जी, १ तास, ४ डिग्री. ८ सेंटीमीटर त्रिज्येला हे साधारण ३३,४०० आरपीएम होतं. हे मशीन लॅबमधलं सगळ्यात महाग आणि चुकलं तर सगळ्यात धोक्याचं, तेव्हा पहिल्या दोन-तीन वेळा कुणीतरी जाणकार शेजारी उभा असल्याशिवाय बटण दाबायचं नाही. ट्यूब झाकणासकट तराजूवर तोला, समोरासमोरच्या दोघींत ०.१ ग्रॅमचाही फरक नको, आणि समोरच्या ट्यूबमध्ये पाणी नको, तेच बफर हवं, कारण नुसतं वजन सारखं असून भागत नाही, घनताही सारखी लागते. ट्यूब अर्धवट भरली तर ती आत चेपते, किती भरायची ते ट्यूबच्या माहितीपत्रकात असतं. पॉलिकार्बोनेटच्या ट्यूब अल्कोहोलने पुसू नका, त्यांना बारीक तडे जातात, आणि ट्यूब फुटेपर्यंत ते दिसत नाहीत.

रोटरबद्दल गोव्यातल्यांना एक वेगळं सांगणं. आपली हवा खारी आणि दमट. ॲल्युमिनियमच्या रोटरच्या भोकात बफरचा थेंब राहिला की पावसाळ्यात तिथे गंज धरायला वेळ लागत नाही आणि गंजलेला रोटर त्या वेगाला फुटू शकतो. काम झालं की लगेच डिस्टिल्ड वॉटरने धुवा, मऊ कपड्याने टिपा, उलटा घालून वाळवा, झाकण उघडं ठेवा. लॉगबुकमध्ये वेळ आणि वेग लिहा, रोटरचं आयुष्य त्या तासांवरच मोजतात.

लाइटचं बोलायचं तर जूनमध्ये विजांचा पाऊस सुरू झाला की मी हा स्पिन सकाळीच लावते. मध्येच लाइट गेली तर झाकण उघडायची धडपड करू नका, रोटर आपोआप मंदावतो, थांबू दे. लाइट आल्यावर पेलेट जागेवर आहे का ते बघा, हलला असेल तर त्याच ट्यूबचा पूर्ण एक तास परत लावा. काही बिघडत नाही, सगळं थंड राहिलं तर.

बाहेर आल्यावर पेलेट नीट बघा. हा दोन्ही मेंब्रेनचा मिळून गोळा आहे, पिवळसर तपकिरी, काकवीचा हलका हात फिरवल्यासारखा. तो रंग आतल्या मेंब्रेनमधल्या सायटोक्रोमचा वगैरे. रंग लक्षात ठेवा, पुढे लागेल.

अल्ट्रासेंट्रीफ्यूज नाही अशा कॉलेजात असाल तर ४०,००० जी ला एक तास करून बघा, उत्पन्न कमी मिळतं पण मुख्य बँड दिसतात. किंवा तालेगावच्या पठारावर (गोवा विद्यापीठात) किंवा दोनापावलाला (समुद्रविज्ञान संस्थेत) ओळख काढून तिथल्या मशीनवर वेळ मागा, आधी लेखी विचारा, स्वतःच्या ट्यूब घेऊन जा आणि रोटर धुऊन परत द्या, मग पुढच्या वेळी नाही म्हणत नाहीत.

सार्कोसिल

आता गोळा परत बफरमध्ये कालवायचा आणि हीच सगळ्यात कंटाळवाणी पायरी. एकदम २ मिली बफर ओतून व्होर्टेक्स करू नका, गोळ्याचे तुकडे तरंगत राहतात. आधी फक्त २०० मायक्रोलिटर घाला आणि चित्रकलेचा बारीक मऊ ब्रश, नवा नि स्वच्छ धुतलेला, त्याने हळूहळू गोळा कालवा. श्रीखंड फेटताना आधी चक्का मोडून घेतो आणि मगच बाकीचं घालतो तसं. गुळगुळीत झालं की मग बाकीचं बफर. काचेचा हात-होमोजिनायझर असेल तर अजून बरं. मिसळलेल्यातून ५० मायक्रोलिटर बाजूला काढा, ही तुमची 'टोटल मेंब्रेन'.

मग सार्कोसिल, शेवटचं प्रमाण २ टक्के, रूम टेंपरेचरला ३० मिनिटं, अधूनमधून हलक्या हाताने हलवत. पावडर मोजताना मास्क लावा, ती उडते नि श्वासात जाते.

बाटली नीट वाचा. हे मी जीव तोडून सांगतेय. कपाटात एका बाटलीवर सोडियम लॉरॉयल सार्कोसिनेट, म्हणजे आपलं सार्कोसिल, असतं आणि तिच्या शेजारीच सोडियम लॉरिल सल्फेट, म्हणजे आपलं जेलचं एसडीएस. दोन्ही पांढरी पावडर, दोन्हींच्या नावात लॉरिल-लॉरॉयल. एसडीएस पडलं तर आतली-बाहेरची न बघता बहुतेक सगळंच विरघळतं आणि स्पिननंतर तळाला जवळजवळ काही उरत नाही. आमच्याकडे हे झालंय, पीएचडीच्या सहाव्या महिन्यात एकीचा चार लिटर कल्चरचा माल गेला. तेव्हापासून आमच्या कपाटात त्या दोन बाटल्या दोन वेगळ्या खणांत राहतात आणि सार्कोसिलवर लाल टेप असते.

परत १,००,००० जी, १ तास. वरच्या पाण्यात आतली मेंब्रेन, ते ठेवा. तळाला बाहेरची. आता रंग बघा: तपकिरी छटा वर पाण्यात गेलेली असते आणि खाली जो गोळा राहतो तो रंगहीन, काचेसारखा, ताडगोळ्याच्या गरासारखा. कधीकधी इतका पारदर्शक की ट्यूब रिकामी वाटते. म्हणून ट्यूब घालतानाच तिची जी बाजू रोटरच्या बाहेरच्या कडेकडे येते तिच्यावर मार्करने खूण करा, गोळा तिथेच असणार. मी पहिल्यांदा तो ताडगोळा बघितला तेव्हा खरंच आनंद झाला, तपकिरी राहिला असता तर आतली मेंब्रेन शिल्लक आहे हे तिथेच कळलं असतं, जेलची वाट बघायची गरज नव्हती. तपकिरी दिसला तर सार्कोसिलची पायरी आणखी एकदा करा.

गोळा बफरने एकदा धुऊन, परत फिरवून, ३०० मायक्रोलिटर १० मिलिमोलर ट्रिसमध्ये ब्रशने कालवा. ३०-३० मायक्रोलिटरच्या छोट्या ट्यूब भरून उणे २० ला ठेवा, एकच ट्यूब पुन्हा पुन्हा वितळवू नका.

किती मिळालं

प्रोटीन मोजायला ब्रॅडफर्ड ही रंगाची चाचणी वापरू नका. डिटर्जंट असलं की तो रंग खोटं बोलतो, आणि मेंब्रेनमधल्या प्रोटीनला तसाही नीट लागत नाही. बीसीए ही चाचणी करा, किंवा एसडीएस घातलेली लाउरी चाचणी, आणि ब्लँकमध्ये तुमचंच बफर त्याच प्रमाणात घाला. ५०० मिली कल्चरमधून काही मिलिग्रॅम मिळाले तर हात बसला म्हणायचा.

जेल

१२ टक्के एसडीएस-पेज (प्रोटीनचं नेहमीचं जेल), प्रत्येक लेनमध्ये म्हणजे उभ्या रांगेत १० मायक्रोग्रॅम प्रोटीन. लेन अशा लावा: मार्कर, पूर्ण पेशी, टोटल मेंब्रेन, सार्कोसिलचं वरचं पाणी, सार्कोसिलचा गोळा. एवढ्यात तुमची सगळी गोष्ट कळते. पूर्ण पेशीच्या लेनमध्ये गर्दी, आणि शेवटच्या लेनमध्ये ३५ ते ३८ च्या पट्ट्यात दोन-तीन ठसठशीत बँड, बाकी जवळजवळ मोकळं. शेवटच्या लेनमधलेच बँड वरच्या पाण्यातही तितकेच ठळक असतील तर स्पिन कमी पडला.

आणि एक चाचणी नक्की करा, फुकटात होते आणि फार कमी नवीन मुलं करतात. शेवटचा नमुना दोन भागांत घ्या, दोन्हींत लोडिंग बफर घाला, एक ९५ डिग्रीला ५ ते १० मिनिटं उकळा, दुसरा तसाच ठेवा, आणि शेजारशेजारी चालवा. ऑम्प-ए न उकळता अजून पिंपाच्या आकारातच आवळलेलं असतं म्हणून जास्त खाली, २८ ते ३० च्या जवळ धावतं, आणि उकळल्यावर उलगडून ३५ ला येतं. पोरिनचं उलट, ती तीन-तीनच्या जुडग्यात राहतात, न उकळलेल्या लेनमध्ये वर कुठेतरी ६०-७० च्या आसपास आणि उकळल्यावर ३६-३८ ला उतरतात. बँड असे जागा बदलताना दिसले की तुमच्या हातात पोटातलं कुठलं भलतंच प्रोटीन नाही, खरोखर बाहेरच्या मेंब्रेनचंच प्रोटीन आहे, आणि तेही घडी न मोडलेलं.

ऑम्प-एफ आणि ऑम्प-सी साध्या जेलवर एकमेकांत मिसळतात, वेगळे बघायचे तर जेलमध्ये युरिया घालावा लागतो. ४३ च्या जवळ बारीक बँड दिसला तर तो बहुधा ईएफ-टीयू, रायबोसोमच्या कामातलं प्रोटीन, चिकटून येतं. ५० च्या थोडं वर दिसला तर फ्लॅजेलिन असू शकतं, शेपटीचं. ही दोन्ही बघून घाबरू नका, पण लपवूही नका. एलपीएस कुमासीने (जेलच्या नेहमीच्या निळ्या रंगाने) रंगत नाही, ते बघायचं तर सिल्व्हर स्टेन, म्हणजे चांदीचा रंग.

प्रोजेक्टमध्ये लिहिताना 'शुद्ध बाहेरची मेंब्रेन' असं लिहू नका. 'सार्कोसिलमध्ये न विरघळलेला भाग' असं लिहा. काही सैल चिकटलेली प्रोटीन्स आणि काही लायपोप्रोटीन्स या पद्धतीत निघून जातात, आतल्या मेंब्रेनचं थोडंफार उरूही शकतं, आणि तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक नेमकं हेच विचारतात.

समुद्री बॅक्टेरियावर करायचं असेल तर

ई. कोलायवर दोन वेळा तोच निकाल आला की मग खुशाल करा. धुताना साधं बफर किंवा डिस्टिल्ड वॉटर चालणार नाही, मीठ अचानक गेलं की त्यांचं बाहेरचं आवरण धुण्यातच सुटून जातं आणि तुम्ही ते ओतून देता. वाढवलेल्या मीडियात जितकं मीठ होतं तितकं धुण्याच्या बफरमध्ये ठेवा, थोडं मॅग्नेशियमसुद्धा. फोडल्यानंतरच्या पहिल्या मोठ्या स्पिननंतर गोळा साध्या ट्रिसमध्ये एकदा धुऊन घ्या, म्हणजे मॅग्नेशियम जातं, आणि मग सार्कोसिल. प्रमाण २ टक्केच बरोबर असेल असं नाही, त्या बॅक्टेरियासाठी ०.५, १ आणि २ अशा तीन छोट्या ट्यूब लावा, तिन्हींचे गोळे नि तिन्हींची पाणी एकाच जेलवर चालवा. शेजारी ई. कोलायचा जुना नमुना एका लेनमध्ये घाला, फ्रीझरमध्ये त्याच्या ट्यूब अजून असतीलच.